अकरा पिवळे गिलास

"काका, तुमी कल्हई करता ना अजून?"

फोन आला तेव्हा मी आर्वीच्या बाजारात बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर एका गॅसच्या शेगडीचा बर्नर खरवडत होतो. कल्हई आता दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आणि लग्नसराईत थोडीफार, एवढीच उरली आहे. बाकी वर्षभर शेगड्या आणि कुकरच पोट भरतात. फोनवरचा पोरगा आमच्याच तालुक्यातला, नागपूरला धरमपेठेत एका कॅफेत स्वयंपाकी. त्याच्या आजीची गंज-गुंड अशी पितळी भांडी मीच पांढरी करायचो.

"साठ गिलास, चाळीस वाट्या हायेत. पन् इथंच येऊन करा लागन. मालकाले ते लोकायले दाखवाचं हाये."

दाखवायचं काय त्यात, हे मला कळलं नाही. भाव मात्र त्यानं गावच्या तिप्पट सांगितला, ते लगेच कळलं.

शनिवारी पहाटेची एसटी धरली. पोतंभर कोळसा, हातानं फिरवायचा पंखा, शेगडी, सांडशी, नवसागर, कथील. आणि घरचा कापूस. कल्हईला मेडिकलचा कापूस चालत नाही, लवकर जळतो, निदान माझा तरी अनुभव असा आहे. गणेशपेठेहून ऑटोवाल्यानं पोत्याचे वेगळे पैसे घेतले.

वेस्ट हायकोर्ट रोडवरून मी पूर्वी गेलो होतो, पण तो लक्ष्मीभुवन चौकातून, ऑटोत बसून. त्या आतल्या गल्लीत पायी कधी फिरलो नव्हतो. जुने बंगले, त्यांच्या खालच्या खोल्यांत दुकानं. एकात नुसत्या मेणबत्त्या. एकात झाडं, तीही मातीशिवाय, काचेच्या बाटलीत पाय सोडून बसलेली. आम्ही ज्या डाल्याखाली कोंबड्या झाकतो, तसली तीन डाली एका छताला उलटी टांगून आत बल्ब सोडले होते. बरी दिसत होती, उगीच नाव कशाला ठेवा. कोपऱ्यावर तर्री पोह्याचा ठेला होता, तिथं एक प्लेट मारली आणि जीव थाऱ्यावर आला.

मालक तिशीतला पोरगा, बोलायला नम्र. त्यानं दर्शनी भागात, टेबलांच्या मधोमध जागा करून ठेवली होती. गावात आम्ही जमिनीत खड्डा करून भट्टी लावतो. इथं सगळे गट्टू, म्हणून शेगडी. कोळसा फुलला, पंखा फिरायला लागला आणि पंधरा-वीस मोबाइल माझ्यावर रोखले गेले. एका पोरीनं विचारलं, "काका, हा कापूस ऑरगॅनिक आहे का?" मी म्हटलं, "घरचा आहे."

भांडं आधी चिंचेच्या पाण्यानं लख्ख केलेलं असतं. सांडशीत धरून ते निखाऱ्यावर फिरवायचं. तापलं की कापसाच्या बोळ्यावर नवसागर घेऊन आतून पुसायचं. पांढरा धूर उठतो आणि पितळ मळ सोडतं. लगेच कथिलाची कांडी टेकवायची. थेंबभर पुरे. बोळा गरकन फिरवला की तो थेंब पसरतो आणि पिवळं भांडं आतून चांदीचं होतं. मग पाण्यात चर्र. हे सगळं दहा-बारा सेकंदांत. ताव कमी पडला तर कथील गोळा होऊन बसतं, जास्त झाला तर करपून काळपट पडतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षांत कल्हईला टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या.

सातव्या गिलासाचं बूड निखाऱ्यात पडलं.

चूक माझीच. उलटा करून बघायला हवा होता. जुना गिलास एकसंध असतो. हा बाजारातला नवा, वरून ठोके मारून जुना केलेला, आणि बूड डाखानं जोडलेलं. कथील २३२ अंशांना वितळतं, आणि कथील-शिशाचा डाख त्याच्याही आधी. म्हणजे असल्या गिलासाला कल्हई धरायच्या आत बूड सुटणारच. सगळे गिलास तपासले, तसे आणखी अकरा निघाले. मी ते बाजूला ठेवले.

मालकाला म्हटलं, "यात फक्त पाणी द्या. दही, ताक, लिंबू काही नको, कळकते."

त्याला 'कळकणं' माहीत नव्हतं. आंबट पितळेत राहिलं की तांबं सुटतं, हिरवट चव येते, पोट बिघडतं, असं सांगितलं. तो म्हणाला, "चालेल काका, पिवळे फोटोत छानच दिसतात." मोडलेल्या गिलासाचे पैसे मजुरीतून कापा म्हटलं, तर तेही ऐकेना.

तेवढ्यात मेणबत्तीवाली बाई नाकाला रुमाल लावून आली. नवसागराच्या धुरानं तिच्या दुकानातला सगळा सुवास मेला होता. तिचंही बरोबरच होतं. मी बिऱ्हाड उचललं आणि मागच्या बोळीत मांडलं. मोबाइलवाले काही तिकडे आले नाहीत.

आली ती वरच्या मजल्यावरची आजी. पंख्याचा आवाज ऐकून खाली उतरली, हातात गुंड. त्यावर तिच्या माहेरचं नाव कोरलेलं आणि खाली १९६१. "लग्नातला आहे," म्हणाली. "वीस वर्षं झाली, कल्हईवाला या गल्लीत ओरडलाच नाही." गुंड जड, तोंड अरुंद, हात आत जात नाही, काठीला कापूस बांधून फिरवावा लागतो. घामाघूम झालो. आजीनं चष्मा वर करून आत पाहिलं आणि बोट दाखवलं, "गळ्यापाशी राहिलं." राहिलं होतंच, नखाएवढं. पुन्हा तापवला.

तिनं शेजारणीला हाक मारली, तिनं तिच्या जावेला. अंधार पडेपर्यंत गडवे, परात, बटलोया, पुरणाचं पातेलं असं सगळं त्या बोळीत जमलं. नवसागर संपला म्हणून थांबलो, नाहीतर शेवटची गाडी चुकली असती.

दुसऱ्या दिवशी माझ्या पोरानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. धूर होता, माझे काळे हात होते, बूड पडलेलं नव्हतं. आणि शेवटी एक पोरगी हसत गिलास तोंडाला लावते. गिलासात मठ्ठा, काठापाशी आतून पिवळा.

मी स्वयंपाक्याला फोन लावला.

"काका, फोटोपुरतं होतं ते," तो म्हणाला. "तिनं ओठ लावले फक्त. मंग मीच मोरीत ओतून देलं."

"अन् ते अकरा?"

"वरच्या आजीकडं ठेवले. तिनं कपाटात घालून कुलूप लावलं."