कापसाच्या खोलीतली शाळा

ऑनलाइन शिकणाऱ्यांना सल्ला देणारे सगळे एकमुखाने सांगतात, अभ्यासाची जागा ठरलेली हवी. वेगळी खोली, टेबल-खुर्ची, बाजूने येणारा उजेड, शांतता. त्यांच्या घरातली खोली बारा महिने एकच काम करत असणार. आमच्या यवतमाळकडे दिवाळीनंतर वेचणीला जोर आला की मधली खोली कापसाची होते. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे 8110 रुपये. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्याखाली एक रुपया उतरायला तयार नाहीत, त्यामुळे खोली कधी मोकळी होईल हे बाजारालाच ठाऊक.

पुतणीने ‘स्वयम’वर मृदाशास्त्राच्या कोर्सला नाव टाकलं. 2017 पासूनची ही ऑनलाइन शिकण्याची सरकारी सोय, शिकायला पैसे पडत नाहीत. जागा मात्र ज्याची त्याने शोधायची. ती आधी कापसातच शिरली. खरं सांगते, एवढी शांतता गावात दुसरीकडे नाही. आढ्यापर्यंत चढलेला कापूस सगळा आवाज पिऊन टाकतो. पिठाची गिरणी नाही, देवळातला भोंगा नाही, आपलं खाकरणंसुद्धा तिथल्या तिथे विरून जातं. शहरात याच कामासाठी लोक भिंतींना विकतचा फोम चिकटवतात म्हणे. पण घटकाभरात मानेला खाज सुटते, वहीच्या पानांत तंतू अडकतात. तेही तिने सोसलं असतं, पण सासूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. ‘‘कापसात वायर नाई नेवाची, पोरी. एक ठिणगी पडली का वर्साचं सोनं राख.’’ यावर कोण काय बोलणार? चार्जर, बोर्ड, पोरगी, सगळं बाहेर.

मागची टिनाची खोली रिकामी असते, त्याला कारण आहे. पत्र्याखाली नेटवर्क जेमतेम येतं, पावसाळ्यात सर काय बोलतात ते कळत नाही, आणि नवतप्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की माणसाआधी मोबाइलच गरम होऊन बंद पडतो. कूलरपुढे बसावं तर तिथे अख्खं घर आडवं झालेलं.

उरली सपरी, म्हणजे घरापुढची पडवी. तिथे माझी शिलाई मशीन आहे. मशीन आत घालून फळी लावली की टेबल तयार. पट्टा काढून ठेवलाय, कारण व्याख्यान रंगलं की तिचे पाय आपोआप पायंडल हलवू लागतात. बोर्ड, इअरफोन, वही आणि पावरबँक एका थैलीत. लाइन गेली तरी तास चालू राहतो. माझं ऐकाल तर टेबलाआधी ही थैली जमवा.

सपरीत एकच त्रास, रस्त्याने जाणारा-येणारा. ‘‘काहून वं, दिवसभर मोबाइलच पाह्यतं का?’’ म्हणून तिने मशीन अशी आडवी फिरवली की उजेड बाजूने यावा आणि मोबाइलचा पडदा रस्त्यावरूनही दिसावा. टोमणे थांबले, पण प्रेक्षक वाढले. परवा शेजारचे काका सायकल धरून अर्धं व्याख्यान उभ्यानेच ऐकत होते. जाताना म्हणाले, ‘‘मास्तर चांगला हाय. बोंडअळीचं कधी सांगते, इचारून ठेव.’’