दोन मानपाडे

एजंटने फोनवर सांगितलं, "मॅडम, मानपाड्याला या, अकरा वाजता." मी डोंबिवलीला उतरून मानपाडा रोडवर जाऊन उभी राहिले. नवरा स्कूटरवरून ठाण्यात घोडबंदर रोडच्या मानपाड्याला पोचला. मग फोनवर पंधरा मिनिटं "मी पोचलोय, तू कुठेयस?" "मीपण पोचलेय, तू कुठेयस?" त्या दिवशी ते घर बघायचं राहिलंच, पण पुढचे चार महिने आमच्यात भांडण चाललं ते याच मुद्द्यावर. कुठला मानपाडा?

आम्ही कळव्यात भाड्याने राहतो. अकरा-अकरा महिन्यांचे करार करत नऊ वर्षं काढली आणि आता मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, म्हणजे काय ते समजलंच. मी परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, सकाळच्या पाळीला आठच्या ठोक्याला हजर. नवरा वागळे इस्टेटमध्ये मशीन शॉपला. मुलगा चौथीत. दोघांचं मिळून बजेट पंचाहत्तर लाख, तेही श्वास रोखून.

नवऱ्याचा मानपाडा म्हणजे खरं तर मानपाड्याच्या बऱ्याच पुढे, कासारवडवलीला. चौदावा मजला, वन बीएचके, कार्पेट ४०५ फूट, किंमत बहात्तर लाख. बाल्कनीतून येऊरचे डोंगर दिसणार. "दिसणार" म्हणायचं कारण इमारत अजून सहाव्या स्लॅबवर आहे. सॅम्पल फ्लॅट मात्र तयार होता आणि इतका गोड की मीसुद्धा दोन मिनिटं विरघळले. तेवढ्यात नवऱ्याने खिशातून टेप काढली. मशीन शॉपचा माणूस, टेप घेतल्याशिवाय तो भाजी आणायलाही जात नाही. बेडरूममधला पलंग मोजला तर लांबी साडेपाच फूट. सेल्सच्या मुलीचं हसू तसंच राहिलं, पण पाणी प्यायला मात्र ती लगेच उठली. साडेपाच फुटी पलंगावर झोपणार कोण? पण गंमत अशी की पलंग मोजूनही नवरा त्या बाल्कनीच्या प्रेमातून बाहेर आला नाही. वर ५ टक्के जीएसटी म्हणजे तीन लाख साठ हजार, मुद्रांक शुल्क, पार्किंगचे वेगळे. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, एवढंच माझ्या बाजूचं पारडं.

माझा मानपाडा म्हणजे डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीतली १९९४ सालची इमारत. दुसरा मजला, लिफ्ट नाही, टू बीएचके, ५६० फूट, चौऱ्याहत्तर लाख. रीसेल, म्हणून जीएसटी नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्यांच्या ग्रिलमधली तुळस दिसते आणि त्यांच्या टीव्हीवर कुठली मालिका चालू आहे तेही कळतं. पार्किंग म्हणजे जो आधी लावेल त्याचं. मुलाला खेळायला त्या स्कूटरींच्या मधली जागा, नाहीतर नेहरू मैदान गाठायचं. इथे घोडबंदर सरळ जिंकतं, मी कधीच नाकारलं नाही.

डोंबिवलीत नवीन इमारती नव्हत्या का? होत्या. गावाबाहेरच्या बाजूला एक चकचकीत टू बीएचके पंचावन्न लाखांत दाखवली होती. आमच्या लॅबमधल्या बाई म्हणाल्या, स्वस्त आहे ना, मग आधी कागद बघ. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण झालंच होतं की. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, क्रमांकसुद्धा मिळवलेले, लोकांनी कर्ज काढून घरं घेतलेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. महारेराचा नंबर आहे म्हणजे निश्चिंत, असं तोवर मीही समजत होते. त्यानंतर मी जुन्या, रजिस्टर्ड सोसायटीच्याच मागे लागले.

नवऱ्याकडेही मुद्दे होतेच. एमआयडीसी. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, डोंबिवलीतल्या रासायनिक कारखान्यांतले दोन स्फोट, तारखा त्याला पाठ. त्याहून मोठा मुद्दा लोकलचा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्या संध्याकाळी तो फक्त एवढंच म्हणाला, "त्या लाइनवर अजून चार स्टेशनं मागे जायचं म्हणतेयस तू." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण उत्तर नाही. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हा वाटलं होतं की आता सुटलो. गर्दीला ते कुणी कळवलं नसावं.

शेवटी मी वही काढली. लॅबमध्ये सगळं नोंदवायची सवयच आहे. चार संध्याकाळी ठाण्याला उतरून टीएमटीने कासारवडवलीला गेले, नवरा तिथे स्कूटर घेऊन थांबायचा. स्टेशनबाहेर बसमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत: ३८ मिनिटं, ५२ मिनिटं, १ तास ४० मिनिटं, ४५ मिनिटं. त्या एक तास चाळीसच्या दिवशी काय झालं होतं? काही नाही. गायमुखच्या घाटात एक ट्रेलर बंद पडला होता. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे अवजड ट्रक, मेट्रोचं काम आणि आम्ही, सगळे एकाच रस्त्यावर. कापूरबावडीला बस थांबली ती थांबलीच. शेजारच्या मावशींनी पिशवीतून मटार काढून सोलायला घेतले. म्हणजे त्यांना सवय होती.

मेट्रो येतेय ना, असं सगळेच सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये घोडबंदरच्या टप्प्यावर चाचणीची गाडी धावलीही. पण ही मेट्रो ४ ठाणे स्टेशनला जातच नाही. ती तीन हात नाक्यावरून मुलुंडकडे उतरते आणि पुढे वडाळ्याला. परळला जाणाऱ्या माझ्यासारखीने काय करायचं, ते माहितीपत्रकात नाही. त्यात फक्त हसणारं कुटुंब आहे.

डोंबिवलीची नोंद: स्टेशन ते इमारत, चालत. ११, १२, ११, १४ मिनिटं. चौदाच्या दिवशी मी वाटेत वडा घेतला होता. गाडीचं म्हणाल तर डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या स्लो लोकल आहेत आणि त्या परळला थांबतात. सव्वा तास धरायचा, पण लवकर जाऊन उभं राहिलं तर बसायला मिळण्याची शक्यता तरी असते. फास्ट पकडून दादरला बदलायच्या फंदात मी पडणार नाही, हे नवऱ्याला वहीवर हात ठेवून सांगितलंय.

वही त्याच्यापुढे टाकली. त्याने आकडे बघितले आणि म्हणाला, "सरासरी काढली तर फार फरक नाही." मी म्हटलं, "अरे, सरासरीवर मस्टर नाही ना चालत. आठ म्हणजे आठ." मशीन शॉपवाल्याला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते मी समजावायचं! तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि माझं?" बरोबर आहे. कासारवडवलीहून वागळेला तो स्कूटरने आतल्या रस्त्यांनी कसाही पोचला असता. डोंबिवलीहून त्याला ठाण्यापर्यंत लोकल आणि पुढे शेअर रिक्षा. आजवर लोकलच्या पासवर एक रुपया न घालवलेला माणूस आता बेचाळिसाव्या वर्षी गर्दीत घुसायला शिकणार. हे मी त्याच्याकडून घेतेय, याची मला जाणीव आहे. म्हणून बाल्कनीचा विषय निघाला की मी गप्प बसते.

दिवाळीच्या आठवड्यात टोकन दिलं. त्या संध्याकाळी येताना पोळीभाजी केंद्रातून सहा पोळ्या आणि मटकी घेतली, तर काउंटरवरच्या काकू म्हणाल्या, "साडेनऊनंतर येऊ नका, पोळ्या संपतात." दुसऱ्या पाळीचं काय करायचं ते बघू.

सध्या घोडं बँकेत अडलंय. बँकेच्या वकिलाला इमारतीचा भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा कागद, हवाय. सोसायटीचे सेक्रेटरीकाका म्हणतात दाखला आहे, मी स्वतः १९९५ मध्ये फाइलला लावलाय, फाइल कपाटात आहे. कपाटाची किल्ली त्यांच्या मुलीकडे. मुलगी पुण्याला. रविवारी येते म्हणालीय. नवऱ्याने कालच विचारलं, "तोवर एकदा कासारवडवलीला चक्कर मारून यायची का? सातवा स्लॅब पडला म्हणे."