गोधडीतल्या बाटल्या

नागपंचमी होऊन आठवडा झाला होता. शिराळा तालुक्यात एकाच ओढ्यावर वर-खाली दोन गावं. खालच्या गावात जुलाबाची साथ सुरू झालेली आणि सगळ्यांचं बोट वरच्या गावाकडे. "त्यांच्या गोठ्यातलं मुताचं पाणी आमच्या विहिरीत येतंय."

मी पाण्याचे नमुने घ्यायला गेले, तर वरच्यांनी माझ्यावरच आक्षेप घेतला. "मॅडम खालच्यांच्या जीपमधनं आल्यात, ह्यांचा रिपोर्ट काय खरा?" (खोटं नव्हतं. माझी एसटी चुकली होती आणि खालच्या उपसरपंचांनी मला नाक्यावरून उचललं होतं.)

तेवढ्यात खालच्या गावातली एक मावशी पुढं आली. जल जीवन मिशनमध्ये गावागणिक पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात, त्यांतली ही. म्हणाली, "आमच्या हिरीची बाटली त्यांनी भरावी, त्यांच्या पाण्याची आमी भरतो. मग तर झालं?"

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

दोन्हीकडच्या बायका भर पावसात ओढ्यानं निघाल्या. हात साबणानं धुवायचे, झाकण जमिनीवर टेकवायचं नाही, पाणी खुणेपर्यंतच भरायचं. एकमेकींवर बारीक नजर. वरच्या गावातले उकिरडे अगदी काठावर होते, ते सगळ्यांनी पाहिलं. खालच्या विहिरीच्या कठड्याला बोट जाईल एवढी चीर होती. तीही पाहिली.

मग खालच्या गावात नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले. शेवटच्या नळालाही लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे, म्हणजे पाणी पिवळं पडतं. इथं पांढरंच. शिपाई म्हणाला, "मॅडम, रोज टाकतोय की! हजार लिटरला 5 ग्रॅम, मोजून." टाकत होता, खरंच. पण टीसीएलचं, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरीचं, पोतं गळक्या पत्र्याखाली उघडं पडलेलं. पावडरीचे गोळे झालेले, नाकाशी धरली तरी वास येईना. नुसता चुना राहिला होता.

ओढ्या-विहिरीच्या बाटल्यांत आधीच औषध असतं. पाण्यात घाणीचे जंतू असले तर बाटली काळी पडते, नसले तर पिवळीच राहते. त्याला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ऊब लागते. मावशीनं बाटल्या जुन्या गोधडीत गुंडाळून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवल्या. वरच्यांची एक बाई रात्री तिच्याकडेच राहिली. पाहुणचार म्हणून नव्हे, पहाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोधडी सोडली. सगळ्या बाटल्या काळ्या. गोठ्यांच्याही वर भरलेलीसुद्धा. पावसाळ्यात उघड्या ओढ्याचं पाणी काळं येणारच, त्यात नवल नाही. पण विहिरीची बाटली वरच्यांनी स्वतः भरलेली, तेव्हा "रिपोर्ट खोटा" म्हणायची त्यांना सोय उरली नाही. आणि पोत्याबद्दल खालचे काय बोलणार?

महिन्याभरात उकिरडे काठावरून हलले, गोठ्यांना शोषखड्डे झाले. चीर बुजली, टीसीएल झाकणाच्या ड्रममध्ये गेलं. कुरबुर भरपूर झाली, ती सांगत बसत नाही.

नंतर मावशीचा फोन आला. "मॅडम, हिरीची बाटली पिवळीच हाय. पण वरच्यांनी भरलीया, म्हणून आमी गुपचूप अजून एक भरून ठेवलीया."