सिरियस पोरगी आणि शुद्धीतली साडी

परवा पोरीचा रिझल्ट घेऊन घरी आलो, आईनं चष्मा लावून बाईंचा शेरा वाचला, 'अ व्हेरी सिरियस चाइल्ड', आणि तिचा चेहरा जो उतरला! कारण आमच्याकडे सिरियस फक्त पेशंट असतो. अमक्याचे वडील सिरियस आहेत म्हटलं की लोक थेट विचारतात कुठल्या हॉस्पिटलला, दीनानाथ की रुबी. आणि ही सिरियस पोरगी तेव्हा सोफ्यावर उलटी लटकून चकली खात होती.

बाईंना बहुतेक अर्नेस्ट म्हणायचं असणार, म्हणजे मनापासून करणारी, त्यात तोंड पाडून बसायची अट नाही.

मग काय, सिरियसचे इंग्रजीतले सगळे भाऊबंद शोधायला डिक्शनरी घेऊन बसलो. ग्रेव्ह लॅटिनमधल्या 'जड'वरून आलाय, ग्रॅव्हिटी त्याचीच बहीण (कबरीचा ग्रेव्ह वेगळा, तो खणण्यातून आलाय, मी इतकी वर्षं एकच समजत होतो). आपला गंभीर मात्र संस्कृतात खोल. आमचे एक काका आहेत, ग्रेव्ह आहेत, गंभीर अजिबात नाहीत.

सॉलम मात्र भारी निघाला. संविधानाच्या उद्देशिकेत इंग्रजीत 'सॉलम्नली रिझॉल्व्ह्ड' आहे, मराठीत तिथे गंभीर बिंभीर न घालता 'संकल्पपूर्वक निर्धार करून' लिहिलंय, आणि लॅटिनमध्ये तो शब्द धर्मविधींचाच होता, आपणही पूजेला बसलो की आधी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडतो. ज्यानं कुणी हे भाषांतर केलं त्याला आपला दंडवत.

सोबर म्हणजे मुळात न प्यायलेला. पण लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानात गादीवर टेकलं की 'काकू, सोबरमध्ये दाखवू का?' म्हणजे राणी कलर नको, बदामी. आईला सांगितलं तर म्हणे, म्हणजे माझी बदामी साडी शुद्धीत आहे म्हण की.

आणि शेवटी काम, कूल अँड काम मधला, म्हणजे शांत, मराठीत लिहिला की अर्थ बरोब्बर उलटा होतो. कोशवाले त्याला बहुतेक ग्रीक 'कौमा'पर्यंत मागे नेतात, म्हणजे उन्हाची काहिली, भर दुपारी सगळं निपचित पडतं तेव्हाची शांतता. हे वाचलं तेव्हा दुपारचा दीड वाजला होता, खाली वाण्याचं शटर अर्धं ओढलेलं, रिक्षावाला मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपलेला, आणि आई रिझल्ट हातात धरूनच घोरत होती.