आभासी वास्तवासाठी परवडणारा संगणक

आभासी वास्तवातील खेळांसाठी मर्यादित पैशांत संगणक जुळवताना सर्वाधिक खर्च पडद्यावरची चित्रे तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरच करावा, असे माझे ठाम मत आहे. कारण डोळ्यांवर चढवायच्या, सेकंदाला ९० चित्रे दाखवणाऱ्या हेडसेटसाठी प्रत्येक चित्र सुमारे ११ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते आणि ती वेळ वारंवार हुकली, की डोळ्यांपुढचे जग अडखळून गरगरायला लागते. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटसाठी जीटीएक्स ९७० या ग्राफिक्स कार्डाची शिफारस होती, मात्र हुकलेली चित्रे अंदाजाने भरून काढणाऱ्या तंत्रामुळे त्याच वर्षी किमान अट त्याहून कमी ताकदीच्या जीटीएक्स ९६०पर्यंत खाली आली. मधल्या श्रेणीचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वापरलेले कार्ड घेणार असाल, तर दुकानातच अर्धा तास एखादा जड खेळ चालवून त्याचे तापमान अवश्य पाहावे.