सोळा महिन्यांचं नर्सिंग, साडेतीन वर्षांचा हिशेब

परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. "ताई, आयटी सोडून नर्सिंग करायचंय. अमेरिकेत सोळा महिन्यांत एमएसएन होतं ना?"

होतं. दुसऱ्या विषयातली पदवी असलेल्यांसाठी इथे थेट प्रवेशाचे एमएसएन, म्हणजे नर्सिंगमधल्या मास्टर्सचे, कोर्स असतात. कोलंबियाचा 15 महिन्यांचा, जॉन्स हॉपकिन्सचा पाच सत्रांचा. येलचा तीन वर्षांचा, कारण पहिल्या वर्षाच्या नर्सिंगनंतर पुढची दोन वर्षं स्पेशालिटीची. माझा 16 महिन्यांचा होता. पण नर्सिंग करायचं ठरवलं जानेवारी 2021 मध्ये आणि आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, झाले जुलै 2024 मध्ये. मधले महिने कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

आधी विज्ञानाचे विषय. बारावीचं केमिस्ट्री इथे धरत नाहीत. नोकरी करून संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स केलं. दुसरा भाग पहिल्याशिवाय घेता येत नाही, म्हणून घाई करूनही वर्ष गेलंच. ते मला आवडलं.

अडकले ते माझ्याच विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टपाशी, म्हणजे अधिकृत गुणपत्रकापाशी. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी विद्यापीठानेच सीलबंद पाकीट पाठवायचं असतं. सत्तरीतले बाबा त्यासाठी चार वेळा गेले. एकदा संबंधित मॅडम रजेवर, एकदा चलन चुकीच्या खात्यात भरलेलं. तिसऱ्यांदा नावावरून परत पाठवलं: मार्कशीटवर माहेरचं आडनाव, मग मी, मग बाबांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. लग्नाचा दाखला, राजपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं. चौथ्यांदा पाकीट निघालं. इथे पोहोचल्यावर ते नाकारलं, कारण शिक्का पाकिटाच्या मधोमध मारला होता, चिकटवलेल्या कडेवर नाही. एवढ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज! मे 2022 ची तुकडी माझ्यासमोर सुरू झाली आणि मी घरी बसून ईमेल तपासत होते. तो राग अजून गेलेला नाही. बाबांना उन्हात त्या खिडकीपाशी उभं करायला नको होतं.

पाचव्या फेरीला बाबा पाकीट हातात घेऊन तिथेच थांबले. कडेवर आडवा शिक्का, त्यावर सही, हे डोळ्यांनी पाहूनच निघाले. जानेवारी 2023 मध्ये माझा कोर्स सुरू झाला.

म्हणून फोन करणाऱ्या त्या मुलीला सांगितलं, पहिला अर्ज ट्रान्सक्रिप्टचा कर, विषय नंतर. नाव सगळ्या कागदांवर एक करून घे, कारण एनक्लेक्सच्या, म्हणजे नर्सच्या परवाना परीक्षेच्या, केंद्रावरही नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळावं लागतं. विज्ञानाचे विषय फार आधी करून ठेवू नकोस, बऱ्याच ठिकाणी ते पाच-सात वर्षांहून जुने चालत नाहीत. कोर्स चालू असताना पूर्ण वेळ नोकरी धरू नकोस. आमच्या क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रात्यक्षिकाला, पहाटे साडेसहाला वॉर्डात हजर राहावं लागायचं.

एनक्लेक्समध्ये 85 व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली. कमीत कमी तेवढेच प्रश्न असतात, हे माहीत असूनही पोटात गोळा आला. पास झाल्याचं कळल्यावर पहिला फोन बाबांना केला. तिकडे रात्रीचे दोन वाजले होते, तरी ते जागेच होते.

आणि हो, मायक्रोबायोलॉजीची लॅब ऑनलाइन घेण्याआधी कॉलेजला लेखी विचार. माझ्या कॉलेजला ती चालत नव्हती.