टक्के कुठं छापलेत?

डिसेंबरात लेकीच्या शाळेतून प्रगतिपुस्तक आलं. आलं म्हणजे ईमेल आली, पोर्टलवर जाऊन पीडीएफ उतरवून घ्यायची. लेकीच्या आजोबांना, अण्णांना, स्क्रीनवर वाचायला जमत नाही, म्हणून मी प्रिंट काढून हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, कागद पालथा घातला, पुन्हा सुलटा केला.

"टक्के कुठं छापलेत?"

"नसतात, अण्णा."

"मग नंबर?"

"तोही नसतो."

"मग पाठवलंय कशाला?"

अण्णा तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर निकालपत्रकं भरली, शेरे लिहिले, पालकांच्या सह्या घेतल्या. त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती, त्यांना खरंच कळत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मलाही कळलं नव्हतं. फरक एवढाच की मी लाजून कुणाला विचारलं नाही.

आम्ही राहतो कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकुव्हरजवळच्या सरेमध्ये. इथं शाळा हा प्रांताचा कारभार, केंद्राचा नाही. त्यामुळं पुढचं सगळं या एका प्रांतापुरतं. तुमचा मावसभाऊ ओंटारिओत असेल तर त्याच्या मुलांना सहावीपर्यंत ए-बी-सी आणि सातवीपासून टक्के मिळतात. आमच्याकडे सप्टेंबर २०२३ पासून बालवर्ग ते नववी दोन्ही बंद. प्रत्येक विषयापुढं चारपैकी एक शब्द असतो: इमर्जिंग, डेव्हलपिंग, प्रोफिशियंट, एक्स्टेंडिंग. त्याखाली बाईंनी लिहिलेल्या चार-पाच ओळी, मुलाला काय येतं आणि आता कशावर मेहनत घ्यायची. शिवाय मुलानं स्वतःबद्दल लिहिलेला एक तुकडा. वर्षातून पाच वेळा शाळेनं पालकांना असं काहीतरी कळवायचं असतं, त्यातलं तीनदा लेखी, बाकी भेटून, फोनवर किंवा मुलाचं काम दाखवून.

हे चार शब्द वाचल्याबरोबर आपल्या डोक्यात पहिलं काय होतं, तर भाषांतर. एक्स्टेंडिंग म्हणजे ए, प्रोफिशियंट म्हणजे बी, डेव्हलपिंग म्हणजे काठावर, इमर्जिंग म्हणजे नापास. मीही तेच केलं होतं. आणि तिथंच घोटाळा होतो. इमर्जिंग म्हणजे गोष्ट आत्ता कुठं डोक्यात शिरायला लागलीय. डेव्हलपिंग म्हणजे अर्धीमुर्धी आली. प्रोफिशियंट म्हणजे या इयत्तेत जे यायला हवं ते नीट, पूर्ण आलं. मुक्कामाचं गाव तेच. एक्स्टेंडिंग म्हणजे आलेली गोष्ट खोलात जाऊन वापरता येते. पाचवीत बसून सहावीची गणितं सोडवली की तो शिक्का मिळतो असं नाही, यावरून माझे दोन मैत्रिणींशी चांगलेच वाद झालेत. एक तर महिनाभर बोलत नव्हती.

तर आमच्या पाचवीतल्या मनूला गणितात डेव्हलपिंग होतं. घरात सुतक. बाप इंजिनीयर, आजोबांनी शेकडो पोरांना पाढे घोकून घेतलेले, आणि नातीच्या नावापुढं हे. खाली बाईंनी लिहिलं होतं की मनू सममूल्य अपूर्णांक अचूक काढते, पण ते सममूल्य का असतात हे चित्रानं किंवा शब्दांनी दाखवणं अजून जमत नाही.

"अचूक काढते म्हणतात आणि वर मार्क कापतात?" अण्णा म्हणाले. त्यांनी एका रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर दहा गणितं घातली. मनूनं पाच मिनिटांत सोडवून दिली. दहापैकी दहा. अण्णांनी सवयीनं लाल पेन मागितलं, खाली १०/१० लिहून गोल केला आणि माझ्याकडं असं पाहिलं की शाळेवर केस घालायचीच बाकी.

मी म्हटलं, "आता तिला कारण विचारा."

"दोन तृतीयांशाचे चार षष्ठांश कसे केलेस गं?"

"वर दोननं गुणलं, खाली दोननं गुणलं."

"बरं. मग दोन तृतीयांश मोठे की चार षष्ठांश?"

मनू क्षणभरही थांबली नाही. "फोर सिक्स्थ्स! डबल झालं ना, आजोबा."

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग उठून डब्यातली चपाती घेऊन आले. गोल चपातीचे तीन सारखे वाटे करणं वाटतं तितकं सोपं नसतं. त्यांनी मर्सिडीजच्या खुणेसारखी तीन चिरं पाडली. दोन वाटे ताटलीत ठेवले. "हे किती?" दोन तृतीयांश. मग त्या दोन्हींचे मधोमध दोन-दोन तुकडे केले. आता किती तुकडे? चार. सबंध चपातीचे असेच केले असते तर? सहा. "मग ताटलीत चपाती वाढली का?"

मनू बराच वेळ ताटलीकडं बघत राहिली. "नाही. तेवढीच आहे. तुकडे बारीक झाले." मग त्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि चावता चावताच म्हणाली, "आता थ्री सिक्स्थ्स उरले. म्हणजे हाफ!"

पाकिटावरचे १०/१० आम्हाला खुशीत ठेवायला पुरेसे होते. पोरीला कृती येत होती, अर्थ पार उलटा डोक्यात बसला होता, आणि दहाच्या दहा गणितांत तो कुठंही दिसला नाही. बाईंना दिसला, कारण त्यांनी उत्तराऐवजी कारण विचारलं होतं. मार्क कापले नव्हतेच कुणी. मार्क नव्हतेच.

नवीन आलेल्या मराठी पालकांना मी हे समजावते तेव्हा मात्र अपूर्णांक काढत नाही, माझ्या नवऱ्याच्या ड्रायव्हिंग टेस्टची गोष्ट सांगते. ती इथल्या प्रत्येक देशी घरात घडलेली असते, त्यामुळं लगेच पोचते. नवऱ्यानं पुण्यात चौदा वर्षं गाडी चालवली होती. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सातला गाडी चालवणारा माणूस, त्याला सरेच्या रिकाम्या गल्ल्यांची कसली भीती? भारतातलं लायसन्स इथं थेट बदलून मिळत नाही, लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा द्यावी लागते. पहिल्या खेपेला गडी नापास. परीक्षक बाईंनी कागदावर खुणा करून दाखवलं: लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून मागं बघत नाही, शाळेपाशी तीसची मर्यादा असताना चाळीसवर होता. बाकी ब्रेक, पार्किंग, वळणं सगळं छान.

तिनं "तुम्हाला ७२ टक्के" असं म्हटलं असतं तर नवऱ्याला काय कळलं असतं? पासिंग किती, एवढंच त्यानं विचारलं असतं. खांद्यावरून बघत नाही म्हटल्यावर तो महिनाभर घरात फ्रिजकडं जातानासुद्धा मान वळवत होता. दुसऱ्या खेपेला पास झाला. आणि आता ऐका: पहिल्या खेपेचे आणि दुसऱ्या खेपेचे मार्क मिळवून दोननं भागून त्याला अर्धं लायसन्स कुणी दिलं नाही. शेवटी येतंय ना, झालं.

शाळेतही हेच चालतं. सप्टेंबरात मुलाला काही येत नव्हतं, नोव्हेंबरात आलं, तर डिसेंबरच्या कागदावर नोव्हेंबरचं लागतं. आपल्याकडं घटक चाचणीत घसरलेला मुलगा वर्षभर ते ओझं पाठीवर घेऊन सरासरीत फिरायचा. गृहपाठ दोन दिवस उशिरा दिला म्हणून विषयाची पातळी खाली येऊ नये, अशीही इथली रीत. उशीर ही सवयीची बाब, तिच्यावर बाई वेगळं लिहितात. "मग पोरं वेळेवर देतीलच कशाला?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, आणि खरं सांगू, त्यावर माझ्याकडं फार दमदार उत्तर नाही. काही देतात, काही नाही देत. टक्के होते तेव्हाही तसंच होतं.

मागच्या वर्षी आमच्या इमारतीतली एक जण मला शाळेच्या भेटीला सोबत घेऊन गेली. नाशिकहून येऊन चार महिने झाले होते, इंग्रजी बोलायचा धीर होत नव्हता. इथं या भेटीत पुष्कळदा मुलगाच बोलतो आणि बाई बाजूला बसतात. तिच्या मुलानं विज्ञानाची वही दाखवली, पाणी गाळायचं त्यानं केलेलं यंत्र दाखवलं, कुठं फसलं तेही सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला हळूच म्हणाली, "विचार ना, वर्गात कितवा आहे." मी विचारलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, असा हिशेब मी ठेवत नाही. परतीच्या वाटेवर मैत्रीण हिरमुसली होती, तिला वाटलं बाई लपवतायत.

चूक माझी होती. प्रश्न मी दारातच बदलून द्यायला हवा होता. आता मी सोबत जाते तेव्हा आधीच सांगून ठेवते: बाईंना म्हणायचं, याचं हल्लीचं एक काम दाखवा, आणि प्रोफिशियंट म्हणता येईल असं काम कसं दिसतं तेही दाखवा. दोन कागद शेजारी ठेवले की भाषेचा अडसर राहत नाही. एकात परिच्छेद एकच आहे, दुसऱ्यात तीन आहेत आणि प्रत्येकात एक उदाहरण. आईला डोळ्यांनी दिसतं. मग ती घरी जाऊन "अजून अभ्यास कर" न म्हणता "उदाहरण कुठंय?" म्हणते.

चपातीच्या प्रसंगानंतर अण्णांनी ते प्रगतिपुस्तक पुन्हा मागून घेतलं आणि वाचता वाचता एकदम म्हणाले, "अगं, हे तर आपल्या वर्णनात्मक नोंदी!" आणि खरंच की. शिक्षण हक्क कायदा लागू झाला त्या २०१० सालापासून महाराष्ट्रात पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. वर्षभर चालणारं आकारिक आणि सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन, अ-एक, अ-दोन अशा श्रेणी, आणि प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची नोंद शब्दांत लिहायची. कल्पना इथल्यापेक्षा काही कमी नव्हती. मी विचारलं, मग ते लोकांच्या मनात का नाही बसलं?

अण्णा मोकळेपणानं बोलले. "आम्ही दोघं शिक्षक, चार वर्ग. जनगणना आमच्याकडं, निवडणूक आमच्याकडं, खिचडीचा हिशेब आमच्याकडं. नोंदींची तयार पुस्तकं मिळायची बाजारात. विषयवार. त्यातलं वाक्य उचलायचं, पोराच्या नावापुढं लिहायचं. 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो.' सगळीच पोरं परिसरातील घटकांची माहिती सांगायची." मग थोडं थांबून, "आणि खरी लिहिली तरी वाचणार कोण? पालक आधी श्रेणी बघायचा, मग विचारायचा, गुरुजी, अ-दोन म्हणजे किती टक्के धरायचे?"

इथंही सगळं गोडगोड नाही, हे लिहायलाच हवं. पहिली तक्रार म्हणजे प्रोफिशियंट हे पोतं फार मोठं आहे. जेमतेम पोचलेला आणि सहज पोचलेला दोघं त्याच पोत्यात. दुसरी, बाईंच्या ओळी कधीकधी इतक्या गुळगुळीत असतात की अण्णांची तयार नोंदींची पुस्तकं कॅनडापर्यंत पोचलीत की काय अशी शंका येते. आणि सगळ्यात मोठी गोम दहावीला आहे. दहावी ते बारावी या प्रांतात टक्के आणि ए-बी-सी पुन्हा येतात, कारण पुढं विद्यापीठांना तेच लागतात. नऊ वर्षं आकडा न बघितलेल्या मुलाला एकदम ६८ दिसतात तेव्हा तो आणि त्याची आई दोघंही हादरतात. दरम्यान आपले लोक स्वस्थ बसलेले नसतात. चौथी आणि सातवीला प्रांताची एक चाचणी असते, तिच्या निकालावरून एक खासगी संस्था दरवर्षी शाळांची क्रमवारी काढते, आणि आपली मंडळी ती यादी बघून घरं घेतात. मुलाचा नंबर मिळत नाही ना, मग शाळेचा तरी! शनिवारी गणिताच्या क्लासबाहेर उभ्या गाड्यांतून मराठी, पंजाबी, तेलुगू सगळं ऐकू येतं. मनूही जाते त्या क्लासला. मी नाकारत नाही.

त्या रविवारी तासगावहून काकांचा फोन आला. द्राक्षांची छाटणी, पाऊस, वेलींवरचा दावण्या रोग, सगळं झाल्यावर त्यांनी विचारलंच, "मनूचा निकाल लागला म्हणे. किती पडले?"

अण्णांनी घसा साफ केला. "तसं नसतं रे इथं. मार्क देत नाहीत. काय येतं, काय येत नाही, कुठं अडतंय ते सविस्तर लिहून देतात. पद्धत चांगली आहे." मी भांडी पुसत होते, ऐकून बरं वाटलं. पलीकडून काका काहीतरी म्हणाले. अण्णांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, फोन दुसऱ्या कानाला लावला, पाठ फिरवली आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"नव्वद धर."